बाह्यरुग्ण उपचारांचे स्तर: एका निवडीचा इतिहास

१

मनोविकार आणि व्यसनासक्ती यांच्या उपचारांचा इतिहास बहुधा संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मनोरुग्णालये कशी उभी राहिली, ती कशी गजबजत गेली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती कशी रिकामी करण्यात आली, हा त्या कथनाचा ठरलेला क्रम होय. या क्रमात एक प्रश्न सहसा बाजूस पडतो. रुग्णालयातील खाट आणि रुग्णाचे घर या दोन टोकांच्या मध्ये ज्या पायऱ्या निर्माण झाल्या, त्या कोणत्या गरजेपोटी निर्माण झाल्या. आणि एखाद्या रुग्णास त्यांपैकी कोणत्या पायरीवर ठेवावयाचे याचा निर्णय कोणत्या कसोटीने होऊ लागला?

आठवड्यातून एखादे वेळी वैद्यास भेटणे, आठवड्यातून तीन-चार दिवस काही तास उपचारकेंद्रात घालविणे, किंवा दिवसाचा बराचसा भाग तेथे राहून रात्री घरी परतणे, हे आज बाह्यरुग्ण उपचारांचे तीन प्रमुख स्तर मानले जातात. प्रस्तुत निबंधात या स्तरांचा, मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आणि अनुषंगाने सोव्हिएत रशिया, कॅनडा व ब्रिटन येथील, इतिहास तपासावयाचा आहे. स्तरांची ही शिडी रोगाच्या अभ्यासातून जितकी निर्माण झाली, तितकीच खाटांच्या टंचाईतून व खर्चाच्या हिशेबातून निर्माण झाली, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. रोग किती तीव्र आहे या प्रश्नाच्या जोडीस रुग्ण रात्री कोठे परततो हा प्रश्नही विचारला पाहिजे, ही जाणीव कसोटीच्या रूपाने ग्रथित व्हावयास त्यामुळेच अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

२

मधल्या पायरीचा पहिला ठळक नमुना मॉस्को येथे आढळतो. १९३३ च्या सुमारास तेथे जागारोव या मनोवैद्याने दिवस-रुग्णालय चालविले. रुग्णांनी सकाळी यावे, दिवसभर उपचार व काम करावे आणि रात्री घरी जावे, अशी ती व्यवस्था होती. तिच्या मुळाशी उपचाराचा नवा सिद्धांत नव्हता; मनोरुग्णालयांत खाटा अपुऱ्या होत्या, हे तिचे साधे कारण होते. तथापि अडचणीतून निघालेल्या या तोडग्याने एक गोष्ट सिद्ध केली. रुग्णालयाची गरज असलेल्या प्रत्येक रुग्णास रात्रीच्या खाटेचीही गरज असतेच असे नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच कल्पना पश्चिमेकडे दोन ठिकाणी, एकाच वर्षी, परंतु भिन्न अर्थाने प्रकट झाली. १९४६ मध्ये मॉन्ट्रिअल येथील ॲलन मेमोरियल संस्थेत यूएन कॅमेरॉन यांनी दिवस-रुग्णालय सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये जोशुआ बायरर यांनी आपले केंद्र उघडले. कॅमेरॉन यांच्या दृष्टीने दिवस-रुग्णालय हा रुग्णालयाचाच विस्तार होता. ॲडलरच्या परंपरेत शिकलेल्या आणि १९३८ मध्येच रनवेल रुग्णालयात रुग्णांचे सामाजिक मंडळ स्थापन करणाऱ्या बायरर यांच्या दृष्टीने मात्र ते रुग्णालयाला पर्याय होते. रुग्णाने समाजातील आपले स्थान न सोडता बरे व्हावे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. ज्या मॉन्ट्रिअलच्या संस्थेने ही पायरी निर्माण केली, त्याच संस्थेत पुढे १९५७ नंतर कॅमेरॉन यांनी अमेरिकन गुप्तचर खात्याच्या पैशावर रुग्णांवर अत्यंत क्लेशकारक प्रयोग केले, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. व्यवस्थेचा आकार सौम्य झाला म्हणजे तिचा आत्माही सौम्य झाला, असे अनुमान काढणे धोक्याचे आहे.

३

१९५२ मध्ये पॅरिस येथे डिले व डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोविकारांवर उपयोग केला, आणि दोन वर्षांनी ते अमेरिकेत पोहोचले. अमेरिकेच्या राज्य मनोरुग्णालयांतील रुग्णसंख्या १९५५ मध्ये सुमारे ५ लाख ५९ हजार या सर्वोच्च बिंदूस पोहोचली होती. १९८० पर्यंत ती सुमारे १ लाख ३० हजारांवर उतरली. या घसरणीचे श्रेय केवळ औषधास देणे योग्य नव्हे. १९६५ नंतर वृद्ध रुग्णांचा खर्च शुश्रूषागृहांत केंद्र सरकारकडून मिळू लागला, आणि राज्यांना आपली रुग्णालये रिकामी करणे परवडू लागले.

या पार्श्वभूमीवर राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ५ फेब्रुवारी १९६३ रोजी काँग्रेसला संदेश पाठविला आणि ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. या योजनेत प्रत्येक केंद्राने पाच सेवा पुरविणे आवश्यक ठरले: आंतररुग्ण उपचार, बाह्यरुग्ण उपचार, अंशकालीन रुग्णालयीन उपचार, तातडीची सेवा, आणि सल्ला व लोकशिक्षण. मॉस्कोत टंचाईतून उद्भवलेली मधली पायरी येथे प्रथमच एका राष्ट्राच्या धोरणाचा आवश्यक घटक बनली.

परंतु केंद्रांची जी संख्या योजिली होती, तिच्या निम्म्याच्या आसपासच केंद्रे प्रत्यक्षात उभी राहिली, आणि १९८१ मध्ये केंद्र सरकारचे थेट साहाय्य राज्यांना दिल्या जाणाऱ्या एकत्रित अनुदानात विलीन झाले. रुग्णालयाचे दार उघडले होते, पण बाहेरची पायरी अनेक ठिकाणी बांधलीच गेली नव्हती. स्तरांमधील निवडीची चर्चा करताना हा अनुभव मूलभूत ठरतो. जो स्तर गावात अस्तित्वातच नाही, त्याची निवड रुग्ण करू शकत नाही. उरतात ती दोन टोके, एक अति महाग आणि दुसरे अति अपुरे.

४

व्यसनासक्तीच्या उपचारांचा प्रवाह याहून वेगळ्या वाटेने आला. मद्यासक्त रुग्णांसाठी येल विद्यापीठाच्या आश्रयाने १९४४ मध्ये बाह्यरुग्ण चिकित्सालये निघाली होती. तरीही पुढील दशकांत अमेरिकेत निवासी उपचाराचा, विशेषतः मिनेसोटा राज्यात विकसित झालेल्या व साधारणतः २८ दिवसांच्या ठरावीक मुदतीचे रूप घेतलेल्या पद्धतीचा, प्रभाव वाढत गेला. रुग्णास त्याच्या परिसरातून उचलून काही आठवडे दूर नेले म्हणजे व्यसन सुटते, ही समजूत इतकी स्वाभाविक वाटे, की तिची परीक्षा करण्याची गरज फारशी कोणास भासली नाही.

ती परीक्षा ब्रिटनमध्ये सुरू झाली. १९६७ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स व गथ्री यांनी ४० मद्यासक्त पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने दोन गटांत विभागणी करून आंतररुग्ण व सघन बाह्यरुग्ण उपचारांची तुलना प्रसिद्ध केली. दोन्ही गटांच्या सुधारणेत लक्षणीय अंतर आढळले नाही. पुढे १९८९ मध्ये फिलाडेल्फिया येथील हायाशिदा व सहकाऱ्यांनी मद्य सोडताना होणाऱ्या सौम्य ते मध्यम त्रासाच्या १६४ पुरुषांवर असाच प्रयोग केला. बाह्यरुग्ण गटातील ७२ टक्के रुग्णांनी, तर आंतररुग्ण गटातील ९५ टक्के रुग्णांनी हा प्रारंभिक उपचार पूर्ण केला. परंतु सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही, आणि बाह्यरुग्ण उपचाराचा खर्च मात्र कितीतरी पटींनी कमी होता.

येथेच विषय संपला असता, तर स्वस्त तेच योग्य हा निष्कर्ष अटळ होता. पण १९९१ मध्ये वॉल्श व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने त्याला मर्यादा घातली. एका औद्योगिक संस्थेतील २२७ मद्यग्रस्त कामगारांचे तीन गट करण्यात आले: एकास सक्तीने रुग्णालयात, दुसऱ्यास सक्तीने मद्यमुक्तांच्या स्वसाहाय्य-सभांस पाठविले, आणि तिसऱ्यास निवडीचे स्वातंत्र्य दिले. नोकरीवरील वर्तनात तिन्ही गटांत विशेष अंतर दिसले नाही. मात्र पुढे पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण पहिल्या गटात २३ टक्के, दुसऱ्यात ६३ टक्के आणि तिसऱ्यात ३८ टक्के होते.

हे प्रयोग परस्परविरोधी आहेत असे वरवर वाटेल. वस्तुतः ते भिन्न लोकांविषयी बोलत आहेत. हायाशिदा यांच्या प्रयोगातून तीव्र त्रासाचे रुग्ण आधीच वगळलेले होते. आणि ते वगळणे आवश्यकच होते, कारण मद्य एकाएकी सोडल्याने येणारे झटके व वातभ्रम प्राणघातक ठरू शकतात. सरासरीत स्तरास्तरांतील अंतर अल्प असते. एखाद्या विशिष्ट मनुष्याच्या बाबतीत ते जीवन-मरणाचे असू शकते.

५

या जाणिवेला नियमांचे रूप देण्याचा प्रयत्न १९८० नंतरच्या दशकात झाला आणि १९९१ मध्ये अमेरिकन व्यसनवैद्यक संस्थेने रुग्णाचा स्तर ठरविण्याचे निकष प्रसिद्ध केले. त्यांत उपचारांचे चार स्तर होते: बाह्यरुग्ण, सघन बाह्यरुग्ण किंवा अंशकालीन रुग्णालयीन, वैद्यकीय देखरेखीखालील आंतररुग्ण, आणि पूर्ण वैद्यकीय व्यवस्थेतील आंतररुग्ण. स्तर ठरविण्यासाठी रुग्णाची सहा अंगांनी पाहणी करावयाची होती: व्यसन सोडतानाचा संभाव्य त्रास, शारीरिक व्याधी, मानसिक अवस्था, उपचाराचा स्वीकार, पुन्हा व्यसनाकडे वळण्याचा धोका, आणि रुग्णाचा परिसर. पुढील आवृत्त्यांत मधला स्तर तासांनी बांधला गेला: आठवड्यास किमान ९ तास म्हणजे सघन बाह्यरुग्ण उपचार, किमान २० तास म्हणजे त्याहून वरची पायरी. मनोविकारांसाठीही १९९६ मध्ये सामुदायिक मनोवैद्यांच्या अमेरिकन संघटनेने अशाच स्वरूपाची श्रेणीपद्धती तयार केली.

या निकषांतील सहावे अंग, म्हणजे परिसर, ऐतिहासिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाचे आहे. आठवड्यास २० तासांचा उपचार घेणारा मनुष्य उरलेले १४८ तास केंद्राबाहेर असतो. घरी मद्यपान चालू असेल, मारहाण होत असेल किंवा घरच नसेल, तर तासांची बेरीज कितीही वाढविली तरी ती त्या १४८ तासांना पुरी पडत नाही. उलटपक्षी, सांभाळणारी माणसे, सुरक्षित निवारा आणि रोजचे काम ज्यास लाभले आहे, त्यास कठीण रोगातही खालचा स्तर पुरेसा ठरू शकतो. बायरर यांनी १९४६ मध्ये अंतःप्रेरणेने जे ओळखले, ते येथे कसोटीच्या रूपाने ग्रथित झाले.

तासांच्या मोजमापाची दुसरी मर्यादा अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात उघड होते. १९६५ मध्ये डोल व निस्वांडर यांनी मेथाडोन औषधाचा दीर्घकालीन उपयोग प्रसिद्ध केला, आणि २००२ मध्ये ब्यूप्रेनॉर्फिन हे औषध साध्या चिकित्सालयातून देण्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. या औषधांनी मृत्यूचे प्रमाण घटते, हे पुढील अभ्यासांत वारंवार दिसून आले. याउलट, औषधावाचून केवळ शरीरशुद्धी करून बाहेर पडलेल्या रुग्णाची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीचीच मात्रा त्यास मारक ठरू शकते. अशा रुग्णाच्या बाबतीत औषधासहित खालचा स्तर हा औषधरहित वरच्या स्तराहून अधिक सुरक्षित असतो.

६

निकष वैद्यांनी लिहिले, पण त्यांचा वापर खर्च देणाऱ्यांनीही केला. अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यात अंशकालीन रुग्णालयीन उपचारांस १९८७ च्या कायद्याने स्थान मिळाले. त्यासाठी हा उपचार न दिल्यास रुग्णास आंतररुग्ण म्हणून दाखल करावे लागेल, असे प्रमाणपत्र वैद्याने द्यावयाचे असते. सघन बाह्यरुग्ण उपचारांना स्वतंत्र स्तर म्हणून तोच विमा लागू झाला तो १ जानेवारी २०२४ पासून. म्हणजे ज्या पायरीची व्याख्या वैद्यांनी १९९१ मध्ये केली, तिच्यापर्यंत पोहोचावयास या विम्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. तोपर्यंत त्यावर अवलंबून असणाऱ्या रुग्णापुढे प्रकृतीपेक्षा वरची पायरी चढणे किंवा खालचीवर समाधान मानणे, एवढाच मार्ग बहुधा उरत असे.

हा संघर्ष न्यायालयातही गेला. एका मोठ्या विमा-व्यवस्थापन कंपनीविरुद्धच्या दाव्यात २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील केंद्रीय न्यायालयाने असा निष्कर्ष काढला, की कंपनीचे अंतर्गत निकष तात्कालिक लक्षणे शमविण्यावर भर देत होते आणि मूळच्या चिवट विकाराकडे दुर्लक्ष करीत होते. अपील न्यायालयाने त्या निर्णयाचा बराचसा भाग पुढे रद्द केला. परंतु संकट टळले म्हणजे गरज संपली काय, हा खटल्याने पुढे आणलेला प्रश्न त्यामुळे रद्द होत नाही.

७

या विवेचनातून दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. पहिली अशी, की सुरक्षित असेल तितक्या सौम्य स्तरावर उपचार करावा, या तत्त्वाचे दोन जनक आहेत: रुग्णाच्या स्वातंत्र्याचा आदर आणि खर्च वाचविण्याची इच्छा. दोघांची भाषा एकच असल्यामुळे कोणत्या प्रसंगी कोण बोलत आहे, हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते. त्याची एक साधी खूण आहे: स्तर खाली आणण्याची तत्परता जेथे आहे, तेथे प्रकृती बिघडताच तो विनाविलंब वर नेण्याची तत्परताही आहे काय?

दुसरी गोष्ट अशी, की स्तर ही रुग्णावर कायमची मारलेली मोहोर नव्हे. मद्य सोडण्याचे पहिले काही दिवस खाटेवर, त्यानंतरचे आठवडे दिवस-केंद्रात आणि पुढची वर्षे साध्या चिकित्सालयात, असा एकाच मनुष्याचा प्रवास असू शकतो. आणि तो प्रवास तुटतो तो बहुधा दोन पायऱ्यांच्या सांध्यावर. संस्थांच्या स्थापनेच्या तारखा आणि खाटांची संख्या यांचा इतिहास आपण पुष्कळ लिहिला आहे. एका पायरीवरून निघालेले किती रुग्ण पुढच्या पायरीवर पोहोचले आणि किती वाटेतच नाहीसे झाले, याचा इतिहास अद्याप फारसा लिहिला गेलेला नाही. रुग्णालयांच्या सुटकेच्या नोंदी आणि चिकित्सालयांच्या प्रथम-भेटीच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक तो लिहू शकेल.