बंदूक खाली ठेवल्यावर

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मुंबईतले आठ गृहस्थ जमले. निसर्गात जे दिसलं ते एकमेकांना सांगायचं आणि जमवलेले नमुने दाखवायचे, एवढाच बेत होता. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते, प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्मली ती अशी, राणीच्या बागेच्या आवारात. ओसाड माळावर किंवा घनदाट रानात नव्हे, भर शहरातल्या बागेत, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

पण त्या काळात पक्ष्याचा अभ्यास करायचा म्हणजे आधी त्याला पाडायचा. मेलेल्या पक्ष्याचं कातडं सोलायचं, आत कापूस भरायचा, पायाला ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी बांधून खणात ठेवायचं, की नोंद पक्की. नुसतं ‘मी पाहिला’ म्हणणाऱ्याला फारशी किंमत नव्हती. सालिम अलींची सुरुवातही अशीच झाली. १९०८च्या सुमारास छऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन हा मुलगा सोसायटीत गेला आणि सचिव मिलार्ड यांनी त्याला भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले.

बदलाची चाहूल मात्र आधीच लागली होती. सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक एडवर्ड एटकिन, साताऱ्यात जन्मलेले, जकात आणि मीठ खात्यात नोकरीला. ‘एहा’ या नावाने ते लिहीत. मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक १९०० साली आलं. घार, कावळा, साळुंकी, बुलबुल ही मंडळी पुस्तकात येण्याच्या लायकीची आहेत, हे शहराला त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी नाताळात न्यूयॉर्कच्या फ्रँक चॅपमन यांनी सणाच्या शिकारीला पर्याय म्हणून पक्षी मोजायची कल्पना काढली. अमेरिका आणि कॅनडातल्या २५ ठिकाणी २७ माणसांनी पक्षी मोजले. ती गणना आजही दर वर्षी होते.

सालिम अलींनी पुढे किहीमला सुगरणीची वसाहत दिवसचे दिवस बसून पाहिली. नर घरटी विणतो, मादी पारखून निवडते, मग नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे सारं जिवंत पक्ष्यांकडूनच कळण्यासारखं होतं. १९४१ साली त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ रंगीत चित्रांसह आलं आणि सामान्य माणसालाही पक्षी लांबून ओळखता येऊ लागला.

आता प्रश्न उरला पुराव्याचा. कातडं नाही, मग खरं कशावरून? इथे सोबत कामाला आली. दिल्लीत १९५० साली गांधीजींचे इंग्रज मित्र होरेस अलेक्झांडर आणि इतरांनी पक्षिनिरीक्षण मंडळ काढलं. इंदिरा गांधी सुरुवातीच्या सभासदांत होत्या. मुंबईत जफर फतेहअलींनी १९५९ मध्ये पक्षिनिरीक्षकांसाठी सायक्लोस्टाइल केलेलं वार्तापत्र सुरू केलं. गावोगावच्या एकट्यादुकट्या निरीक्षकाला त्यातून दूरचे सोबती मिळाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि परवान्याशिवाय नमुने जमवायची वाट बंद झाली. त्याच वर्षी जोसेफ जॉर्ज यांनी बंगळुरात पक्षिनिरीक्षकांचा क्लब स्थापला. या क्लबची महिन्याच्या दुसऱ्या रविवारची लालबागेतली फेरी पुढे रूढच झाली.

सोबतीने नेमकं काय होतं, हे तांबटाच्या मागे लागलं की कळतं. हिरवा, चिमणीएवढा, कपाळावर लाल आणि गळ्याशी पिवळा असा हा पक्षी शहरातल्या कुठल्याही वडापिंपळावर असतो. टुक्-टुक् असा एकसुरी ठोका देताना तो मान फिरवत राहतो. त्यामुळे आवाज आत्ता डावीकडून आला वाटतो, लगेच उजवीकडून. एकट्याने शोधायचा तर मान अवघडते. चारजण झाडाभोवती पांगून उभे राहिले की एकाला तो सापडतोच. मग कुजबुज सुरू होते. ‘ती सुकी फांदी दिसतेय? तिच्या शेंड्याखाली दोन हात.’ ‘दिसला, दिसला!’ दुर्बीण हातोहात फिरते आणि ज्याला अजून दिसला नाही त्याच्यासाठी सगळे थांबतात. त्या थांबण्यातला आनंद पक्षी दिसण्याच्या आनंदाहून तसूभरही कमी नसतो.

थंडीत येणाऱ्या वटवट्यांपुढे मात्र जाणतेही अडखळतात. पानांआड सतत हलणारे, रंगाने जवळपास सारखेच. एकजण आवाज टिपतो, दुसऱ्याला पंखावरची फिकट रेघ दिसते, तिसरा पायांचा रंग सांगतो. तिघांचं जुळलं तरच नाव लिहायचं. नाही जुळलं तर नुसतं ‘वटवट्या’. खणातल्या कातड्याचं काम आता या तिघांच्या साक्षीवर चालतं.

मुंबईने २००५ साली या सोबतीला स्पर्धेचं रूप दिलं. ‘बर्ड रेस’मध्ये छोटे संघ पहाटेपासून संध्याकाळपर्यंत शहर आणि आसपासचा परिसर पालथा घालतात आणि रात्री एकत्र बसून याद्या वाचतात. आता ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना वेळ, अंतर आणि बरोबर किती निरीक्षक होते, हेही लिहावं लागतं. एकाने केलेली यादी बाकीच्यांना पाठवता येते. अनपेक्षित पक्षी नोंदवला की त्या भागाचा जाणकार परीक्षक फोटो किंवा वर्णन मागतो.

२०२० पासून महाराष्ट्र शासन ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा करतं. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनाचा, शेवटचा सालिम अलींच्या. हे दिवस नवख्यांना सोयीचेही आहेत, कारण उत्तरेकडचे धोबी आणि वटवटे तोवर शहरातल्या बागांत उतरलेले असतात. या आठवड्यात गावोगावच्या पक्षिमित्र संस्था सकाळच्या फेऱ्या काढतात, आणि नवख्याला बहुतेक वेळा फक्त पाण्याची बाटली आणायला सांगतात, कारण दुर्बीण कुणा ना कुणाकडे असतेच.