पाण्याची घंटा



आपल्या एका श्रोत्या मैत्रिणीने प्रश्न पाठवलाय. वागळे इस्टेटच्या जवळच एका नव्या टॉवरमध्ये तिने घर घेतलंय. छताला स्प्रिंकलर आहेत. घरातले दिवे, एसी, दाराचं कुलूप, सगळं मोबाइलवर चालतं. ती दिवसभर कामावर, घरी सासूबाई एकट्या. तर हे स्प्रिंकलरही मोबाइलला जोडता येतील का, असं तिने विचारलंय. ‘येतात’ एवढं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण नेमकं काय जोडायचं आणि काय अजिबात जोडायचं नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागेल, पार कापडगिरण्यांपर्यंत. कारण ही वस्तू घरासाठी जन्मालाच आलेली नाही.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी काढायला घेतली. गिरण्या वाढल्या तसं आगीचं भयही वाढलं. कापूस पिंजताना हवेत तंतू तरंगत असतात, यंत्रांवर, तुळयांवर त्यांचा थर बसतो. कापसातून एखादा खिळा किंवा खडा यंत्रात गेला, ठिणगी उडाली, की आग त्या थरावरून खात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळते. अमेरिकेतल्या गिरण्यांनी यावर एक उपाय काढला होता. छताखाली भोकं पाडलेले नळ टाकायचे आणि आग दिसली की कुणीतरी धावत जाऊन व्हॉल्व्ह उघडायचा. उपाय बरा होता, पण त्यात दोन खोडी होत्या. रात्री आग लागली तर व्हॉल्व्ह उघडणार कोण? आणि उघडला, की कोपऱ्यातल्या आगीसाठी सगळ्या खात्यातला माल भिजायचा.

१८७२ साली फिलिप प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने आपोआप उघडणाऱ्या स्प्रिंकलरचं पेटंट घेतलं. दोनच वर्षांनी हेन्री पार्मेली याने तशीच व्यवस्था आपल्या कारखान्यात बसवली. कारखाना कसला, तर पियानोचा! लाकूड, व्हार्निश, सरस, म्हणजे आगीला आमंत्रणच. विम्याचा हप्ता त्याला जड जात होता, म्हणून ही खटपट. पुढे फ्रेडरिक ग्रिनेल याने त्यात सुधारणा केली, १८८१ साली आपलं पेटंट घेतलं आणि स्प्रिंकलर खऱ्या अर्थाने चालायला लागला. १८८३ मध्ये मँचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅट कंपनीच्या विल्यम मॅथर यांनी ग्रिनेलच्या स्प्रिंकलरचे अमेरिकेबाहेरचे हक्क मिळवले. मँचेस्टर आणि मुंबई यांचं नातं कापसाचं, यंत्रंही तिकडूनच यायची. त्याच मॅथर अँड प्लॅटचा कारखाना पुढे आपल्या चिंचवडला झाला.

या सगळ्यांची युक्ती एकच होती. आगीनेच पाणी सोडायचं, माणसाची वाट पाहायची नाही. सुरुवातीला त्यासाठी लवकर वितळणाऱ्या धातूचं डाखकाम वापरत. १९२० च्या दशकात काचेची कुपी आली, तीच आज आपल्या छताला दिसते. बोटाच्या पेराएवढी कुपी, आत रंगीत द्रव आणि एक छोटा बुडबुडा. उष्णतेने द्रव फुगतो, बुडबुडा नाहीसा होतो, कुपी फुटते आणि पाण्याची वाट मोकळी होते. द्रवाचा रंग म्हणजे तापमानाची खूण. नारिंगी ५७ अंशांना फुटते, लाल ६८ ला, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. घरात बहुतेक लालच असते. आज वर बघून घ्या.

इथे एक गैरसमज दूर करते. सिनेमात कुणी लायटर वर धरतो आणि अख्ख्या इमारतीत पाऊस पडतो. आपल्या घरातल्या स्प्रिंकलरचं तसं होत नाही. जी कुपी तापली तीच फुटते, शेजारच्या खोलीतली शांत राहते. मिरचीची फोडणी, धूप, उदबत्ती, होमाचा धूर, यांनी ती फुटत नाही, कारण तिला धुराचं काही कळतच नाही, कळते ती उष्णता. एका स्प्रिंकलरमधून मिनिटाला साधारण पन्नास ते सत्तर लिटर पाणी पडतं. दहा मिनिटं चाललं तर पाचशे-सातशे लिटर, म्हणजे गच्चीवरच्या एका लहान टाकीएवढं. फायर ब्रिगेडचा होज याच्या कितीतरी पट पाणी ओततो.

आता मुद्द्याची गोष्ट, घंटेची. रात्री गिरणीत कुपी फुटली, पाणी पडायला लागलं, आग विझलीही, पण हे कुणाला कळलंच नाही तर? सकाळपर्यंत सगळा माल पाण्यात. म्हणून पाण्याच्या मुख्य नळावर एक खास व्हॉल्व्ह आला. नळातून पाणी वाहू लागलं की त्याची एक धार बाजूला वळते, लहानसं चाक फिरवते आणि त्या चाकाला जोडलेला ठोकळा भिंतीबाहेरची घंटा बडवत राहतो. वीज नाही, तार नाही. पाणी वाहतंय तोवर घंटा वाजते. अशा घंटा अजूनही बसवतात. कारखान्यांच्या बाहेरच्या भिंतीवर लाल रंगाची गोल थाळी दिसली तर ती बहुधा हीच. मला विचाराल तर घरातल्या ‘स्मार्ट’ जोडणीची आजी ही घंटा आहे. ती स्प्रिंकलरला हुकूम देत नव्हती. त्याने काय केलं ते फक्त चार माणसांना ओरडून सांगत होती.

गिरण्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. स्प्रिंकलर निकामी ठरतो तो कुपी बिघडल्याने क्वचितच. कुणीतरी दुरुस्तीसाठी पाणी बंद करतं आणि परत सोडायचं विसरतं, हे जास्त घडतं. म्हणून विमा कंपन्यांनी नियम केला, मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा आणि तो पट्ट्याने बांधून कुलूप लावायचं. पट्टा बहुधा चामड्याचा, म्हणजे गरज पडली तर सुरीने कापता येईल, पण सहज हात लागला म्हणून फिरणार नाही. आज त्या पट्ट्याचं काम एक छोटा स्विच करतो. व्हॉल्व्ह थोडा जरी फिरवला तरी तो पॅनेलवर दिवा लावतो. तो पट्टा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या वागळे इस्टेटीकडे येऊ. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली, आणि त्याचा सोहळा इथेच, वागळे इस्टेटमध्ये झाला. तेव्हापासून नंबरांचे रोड, दोन्ही बाजूंना शेड आणि भोवती किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर अशी कामगारांची वस्ती. आग ही तेव्हा शेडमधली गोष्ट, मालकाची आणि विमा कंपनीची काळजी. आपल्याकडे विम्याच्या टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटीचे नियम पाळून स्प्रिंकलर बसवला तर हप्त्यात सूट मिळायची, बसवण्यामागचं कारण बहुतेक तेच. आता कित्येक शेडच्या जागी काचेची ऑफिसं आलीत, पासपोर्टच्या रांगेला लोक इथे येतात आणि आजूबाजूला टॉवर उभे राहिलेत. लाल नळ शेडमधून आपल्या बैठकीच्या खोलीत आला तो असा.

परदेशात तो घरात आधी शिरला. कारखान्याचा स्प्रिंकलर माल वाचवायला बनवलेला होता, घरातला झोपलेल्या माणसाला वाचवायला हवा होता, म्हणून तो जास्त चपळ करावा लागला. अमेरिकेत लहान घरांसाठीचं वेगळं मानक १९७५ मध्ये निघालं. कॅलिफोर्नियात २०११ पासून आणि वेल्समध्ये २०१६ पासून नव्या घरांना स्प्रिंकलर सक्तीचे झाले. आपल्याकडे ते इमारतीच्या उंचीनुसार आणि वापरानुसार ठरतं.

महाराष्ट्रात त्यासाठी २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यात जबाबदारी मालकाची आणि जागा वापरणाऱ्याची, म्हणजे सोसायटीची. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून घ्यायची आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ती चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. त्यालाच सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात. कागद नीट आहे. पण जानेवारी २०२२ मध्ये ताडदेवच्या एका वीस मजली इमारतीला आग लागली, माणसं गेली, आणि इमारतीतली यंत्रणा चालत नव्हती असं अग्निशमन अधिकाऱ्यांनी सांगितल्याचं आपण वाचलं. पहिली गिरणी जिथे निघाली तेच हे ताडदेव. नळ असतात, कुप्या असतात, पण पंप बंद, नाहीतर टाकी कोरडी, नाहीतर व्हॉल्व्ह कुणीतरी फिरवून ठेवलेला. गिरणीतल्या पट्ट्याची आठवण मला अशा वेळी येते.

म्हणून मैत्रिणीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. मोबाइलला जोडायचा तो स्प्रिंकलर नाही, त्याची खबर. नळात फ्लो स्विच नावाचं एक यंत्र असतं. पाणी वाहिलं की त्यातली पट्टी हलते आणि दोन तारा जुळतात. नळातला दाब जरा हलला म्हणून उगाच घंटा होऊ नये, यासाठी त्याला काही सेकंद थांबायला लावलेलं असतं. या तारा सोसायटीच्या फायर पॅनेलकडे जातात. त्यांना घरातल्या माणसाने किंवा ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने हात लावायचा नाही. पॅनेलमधूनच एक वेगळा संकेत बाहेर घेता येतो, तो परवानाधारक एजन्सीकडून घरातल्या यंत्रणेपर्यंत आणून घ्यायचा.

तो संकेत आला की घराने काय करावं? सगळे दिवे लावावेत, एसी बंद करावा, पाइप गॅसवर विजेचा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर तो बंद करावा, दाराचं कुलूप आतून सहज उघडेल असं सोडावं, आणि मोबाइलवर निरोप द्यावा. निरोप एकालाच नको. ती मीटिंगमध्ये असेल, नवरा लोकलमध्ये असेल, म्हणून शेजारीण आणि खालचा वॉचमनही यादीत हवेत. सासूबाईंसाठी मात्र मोबाइल उपयोगाचा नाही. त्यांना घरात मोठ्याने वाजणारी घंटाच हवी. आगीत इमारतीची वीज तोडतात, मग वायफायचा डबाही बंद पडतो. तेव्हा ही घंटा बॅटरीवर चालणारी असावी, इंटरनेटवर अवलंबून नसावी. फायर ब्रिगेडला १०१ लावायचं कामही माणसानेच करायचं.

आणि जे कधीच करायचं नाही ते हे. मोबाइलवरून पाणी बंद करण्याची सोय स्प्रिंकलरला जोडायची नाही, कुणी कितीही गोड बोलून विकली तरी. आजकाल गळती ओळखणारी यंत्रं मिळतात. नळातून एकदम जास्त पाणी गेलं की ती आपणहून पुरवठा तोडतात. स्वयंपाकघराच्या नळाला ठीक आहे. पण स्वतंत्र बंगल्यात किंवा रो हाउसमध्ये, जिथे घरचा आणि स्प्रिंकलरचा नळ एकाच ठिकाणाहून निघतो, तिथे हे यंत्र सुरुवातीलाच बसवलं तर कुपी फुटल्यावर त्याला वाटणार मोठी गळती झाली, आणि ऐन आगीत ते पाणी तोडणार! बसवायचंच असेल तर स्प्रिंकलरची वाट फुटते त्याच्या पुढे, फक्त घरच्या नळावर.

आगीचा दिवस, देव करो, कधी येऊच नये. मग ही जोडणी बाकीच्या दिवसांत काय कामाची? मला विचाराल तर तिचा खरा उपयोग तेव्हाच आहे. व्हॉल्व्ह फिरला, टाकीची पातळी उतरली, पंप ‘ऑटो’वरून काढून ठेवलाय, एवढ्या तीन खबरा सेक्रेटरीसकट चार-पाच रहिवाशांच्या मोबाइलवर आपोआप गेल्या तर सहा-सहा महिने कुणी अंधारात राहणार नाही. चामड्याच्या पट्ट्याचं काम मोबाइल करील. सोसायटीच्या सभेत हा खर्च मांडलात तर लोक म्हणतील, कशाला? तेव्हा लिफ्टला आणि गेटवरच्या कॅमेऱ्यांना किती दिले ते विचारा.

किसननगर, सावरकरनगरच्या जुन्या चार मजली इमारतींत राहणाऱ्या बऱ्याच जणी आत्ता ऐकत असाल. तुमच्याकडे छताला नळच नाही. बॅटरीवरचा धुराचा अलार्म मात्र भाड्याच्या घरातही लावता येतो. स्वयंपाकघरात नको, तिथे तो फोडणीला ओरडेल. झोपायच्या खोलीच्या दाराजवळ लावा.

ज्यांच्याकडे स्प्रिंकलर आहे त्यांनी दिवाळीच्या रंगकामाला रंगाऱ्याला आधीच बजावा, कुपीवर रंगाचा थेंब नको. रंग चढला की ती उशिरा फुटते, किंवा फुटतच नाही. तिला आकाशकंदील टांगू नका, वाळत घालायची दोरी बांधू नका, पीओपीची सजावट करताना ती झाकू नका. आणि येत्या जुलैत फॉर्म बीसाठी माणूस येईल तेव्हा सेक्रेटरींबरोबर दोघी-तिघी पंप रूममध्ये जा. त्याला तपासणीचा नळ उघडायला सांगा आणि घड्याळ लावून बघा, घंटा किती वेळाने वाजते ते.