पुन्हा परीक्षा : अधिकार, आदेश आणि माहिती

दंतवैद्यक शाखेच्या प्रवेशपरीक्षेत अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले की घरात एकच प्रश्न उरतो. मिळेल ती जागा घ्यावी, की आणखी एक वर्ष खर्चून पुन्हा बसावे? नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांतून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. मी दंतवैद्य नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि शासनाचा नोकर आहे. म्हणून या प्रश्नाकडे गेल्या काही वर्षांच्या इतिहासातून पाहतो.

2015 साली निवडीचा प्रश्नच नव्हता. 3 मे रोजी झालेल्या अखिल भारतीय वैद्यकपूर्व परीक्षेची उत्तरे इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे केंद्रांत पोहोचविल्याचे उघड झाले. लाभार्थी म्हणून 44 उमेदवार निश्चित झाले होते. तथापि 15 जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षाच रद्द केली आणि सहा लाखांहून अधिक उमेदवारांना 25 जुलै रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. परीक्षेची शुद्धता राखण्याचा खर्च निर्दोष विद्यार्थ्यांनाही वाटून घ्यावा लागला.

2016 मध्ये प्रथमच निवड हाती आली, पण ती आंधळी होती. 1 मे रोजी झालेली परीक्षा 'नीट'चा पहिला टप्पा मानली गेली. तयारी अपुरी राहिल्याची शंका असणाऱ्यांना 24 जुलैच्या दुसऱ्या टप्प्यास बसण्याची मुभा न्यायालयाने 9 मे रोजी दिली. अट अशी की पहिल्या टप्प्यावरील हक्क सोडावा लागेल. दोन्ही टप्प्यांचा निकाल मात्र एकत्रच, ऑगस्टमध्ये लागला! आपल्याला किती गुण मिळाले हे अधिकृतपणे न कळताच ते सोडायचे की राखायचे, हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी ठरविले. त्यातच 24 मे रोजी निघालेल्या अध्यादेशांनी राज्यांच्या कोट्यातील जागांना त्या वर्षापुरती सवलत दिली. महाराष्ट्राची सीईटी तर 5 मे रोजीच उरकली होती. अर्थात निर्णय घेऊन झाल्यावरही काहींच्या बाबतीत नियम बदलले.

2024 चा प्रसंग याच्या उलट आहे. काही केंद्रांवर वेळ वाया गेल्यामुळे 1,563 उमेदवारांना दिलेले वाढीव गुण रद्द झाले. त्यांना दोन मार्ग होते : मूळ गुण स्वीकारणे किंवा 23 जूनच्या फेरपरीक्षेस बसणे. या वेळी मूळ गुण समोर होते. 813 जण बसले, 750 बसले नाहीत. माहिती हाती असली की माणसे एकसारखा निर्णय घेत नाहीत, आपापला घेतात.

दंतवैद्यकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. 2020-21 मध्ये प्रथम वर्षाच्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा 8 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेची मर्यादा दहा पर्सेंटाइलने खाली आणण्याचा आदेश दिला. खासगी महाविद्यालयांनी शुल्क कमी करण्याचा विचार करावा, असेही न्यायालयाने सुचविले. म्हणजे बीडीएसला कोठेतरी जागा मिळणे ही खरी अडचण नसते. परवडणाऱ्या शुल्काची जागा मिळणे ही असते.

तात्पर्य काय? अर्थशास्त्राच्या हिशेबात, आधी खर्च झालेले वर्ष पुढील निर्णयाचे कारण होऊ शकत नाही. पाहायचे ते एवढेच, की पुढच्या वर्षी वाढू शकणारे गुण शासकीय आणि खासगी जागेतील दरी ओलांडतील काय. ती शक्यता वास्तव असेल तर एक वर्ष महाग नाही. खासगीतून अंमळ बऱ्या खासगीत जाण्यासाठी मात्र ते महाग आहे. देशातील प्रवेशासाठी जुने गुण पुढील वर्षी चालत नाहीत, हेही विसरू नये. घरापासून दूर राहणाऱ्यांनी तर आपला पाल्य कोणत्या राज्याच्या कोट्यात मोडतो, आणि घेतलेली जागा सोडल्यास तेथे दंड किती, हे नियमपुस्तिकेतून आधीच पाहावे.

आणि प्रशासनाने? पुन्हा बसण्याचा अधिकार द्यायचा तर निर्णयाआधी गुण, नियम आणि तारखा उमेदवाराच्या हाती द्याव्यात. त्यांवाचून दिलेला पर्याय हा पर्याय नसतो; शासनाची जोखीम विद्यार्थ्याच्या खांद्यावर सरकविण्याचा तो एक प्रकार असतो.