उंबऱ्याच्या आतले शेत

इतिहास शिकवताना मी मुलांना किल्ल्यांचे तट दाखवले, देवळांचे खांब मोजायला लावले. पण शेतकऱ्याचे घर हाही इतिहासाचा एक कागद असतो, हे ध्यानात यायला मला पन्नाशी उलटावी लागली. ते ध्यानात आणून दिले जपानने; तेही मी कधी न पाहिलेल्या, केवळ वाचलेल्या जपानने.

जपानी शेतकऱ्याच्या जुन्या घराला 'मिंका' म्हणतात. दारातून आत शिरले की लागतो तो 'दोमा', म्हणजे चोपून घट्ट केलेली मातीची जमीन. चूल इथे, अवजारे इथे. चिखलाच्या पायांनी इथवर यायची मुभा; पुढच्या उंच लाकडी जमिनीवर मात्र पादत्राणे उतरवूनच चढायचे. बाहेरच्या कडेला 'एन्गावा' ही लाकडी पडवी. थोडक्यात, शेत उंबऱ्यापाशी थांबत नसे. ते आत येई.

शिराकावा-गो येथील घरांची छपरे नमस्काराला जोडलेल्या तळहातांसारखी उभी; म्हणून त्या बांधणीचे नावच 'गाश्शो'. उतार असा तीव्र की बर्फ साचून राहत नाही. पोटमाळ्यावर रेशीमकिडे पाळले जात. खालच्या आगटीचा धूर वासे व गवत किडीपासून राखी. छपराचे गवत बदलायचे तर सारा गाव राबे. या रिवाजाला 'युई' म्हणतात. आपली सावडच म्हणा ना!

या घरांची किंमत प्रथम ओळखली ती अभ्यासकांनी. कोन वाजिरो यांनी गावोगाव हिंडून, घरांची रेखाटने करून 1922 साली मिंकांवर ग्रंथ काढला. 1933 साली जपानात आलेले जर्मन वास्तुशिल्पी ब्रूनो टाउट यांनी शिराकावाच्या घरांची थोरवी जगाला सांगितली. तरीही युद्धोत्तर भरभराटीत अशी असंख्य घरे गेली. 1961 साली पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाच्या पाण्याखाली त्याच खोऱ्यातील वस्त्या गडप झाल्या. अखेर 1971 साली ओगिमाची गावाने ठरवले : घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. 1995 साली ही गावे जागतिक वारशाच्या यादीत आली.

त्याच 1995 साली तेरुनोबू फुजिमोरी यांनी तोक्यो परिसरात स्वतःचे घर बांधले आणि त्याच्या भिंतींवर व छपरावर डँडेलियनची रोपे लावली. हे गृहस्थ मूळचे वास्तुकलेचे इतिहासकार! जुन्या घराची नक्कल त्यांनी केली नाही. माती, लाकूड आणि गवत यांच्याशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू केले. आज जपानमधील अनेक नव्या घरांत दोमा परतला आहे. माती जाऊन बहुधा काँक्रीट आले. नांगराच्या जागी सायकल उभी राहते. खोल वळचणी उन्हाळ्यातले डोक्यावरचे ऊन अडवतात, हिवाळ्यातले तिरपे ऊन आत घेतात.

मात्र एक शल्य उरतेच. 2023 सालच्या गणनेत जपानमध्ये सुमारे 90 लाख घरे रिकामी आढळली. खेड्यांतली तरुण माणसे शहरांत गेली. दोमा परत आणता येतो. युई कुठून आणायची? घराचा आकार शेतीने घडवला होता. शेती वजा जाता तो आकार सुंदर दिसेल, पण त्याला कारण उरणार नाही.

हे दुसऱ्यांना सांगण्याचा मला कितपत अधिकार आहे? गावाकडचे आमचे मातीचे घर मीच उभे राहून उतरवले आणि स्लॅब टाकला. त्याचा पश्चात्ताप नाही; गळत्या छपराखाली आईने काढलेले पावसाळे मी विसरलेलो नाही. खंत वेगळीच आहे. इतिहासाचा एम.ए. झालेला मी, पाडण्यापूर्वी सोप्याची लांबी-रुंदीही मोजून ठेवली नाही. कोन वाजिरो परक्यांच्या घरांची रेखाटने करत हिंडले. मला माझ्या घराचा एक नकाशा काढता आला नाही.

यंदा दिवाळीच्या सुटीत नववीच्या मुलांना एकच गृहपाठ दिला आहे : आपल्या आजोळचे घर पावलांनी मोजून या. घर मातीचे असेल तर आधी.