एर्लिखची शेळी आणि आपलं यकृत

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे कोरोनाच्या काळात आपण इतक्यांदा ऐकलं की ही शक्ती जेवढी जास्त तेवढी बरी, असं धरूनच चाललो. यकृताचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. आम्ही डॉक्टर नव्हे, तत्त्वज्ञानाचे. पण ‘स्व’ आणि ‘पर’ हा आमचाच प्रांत, म्हणून हे धाडस.

१९०० च्या सुमारास जर्मनीत पाउल एर्लिख आणि मॉर्गेनरोथ यांनी एका शेळीला दुसऱ्या शेळ्यांचं रक्त टोचलं. परक्या तांबड्या पेशी फोडणारी द्रव्यं तिच्या अंगात तयार झाली. स्वतःच्या पेशींना मात्र त्यांनी हात लावला नाही. एर्लिखने याला लॅटिन नाव दिलं, ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’, म्हणजे स्वतःलाच विष होण्याची धास्ती. आता बघा, त्याचं म्हणणं एवढंच होतं की असं होऊ नये यासाठी शरीरात काहीतरी व्यवस्था असली पाहिजे. वाचणाऱ्यांनी त्याचं केलं काय? शरीर स्वतःवर उलटूच शकत नाही! मूळ सूत्राचं भाष्यकारांच्या हाती काय होतं, हे आपल्याला नवं नाही. १९०४ साली व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी उलट पुरावा दिला: थंडी लागली की काही रुग्णांना लाल लघवी होते, कारण त्यांच्याच रक्तातलं द्रव्य त्यांच्याच तांबड्या पेशी फोडतं. तो अपवाद म्हणून बाजूला पडला.

१९५० मध्ये स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉमने काही तरुण स्त्रियांचं वर्णन केलं. यकृताची सूज हटत नाही आणि रक्तात गॅमा ग्लोब्युलिन भरमसाट. पुढे मेलबर्नमध्ये अशा रुग्णांच्या रक्तात ल्युपस या आजाराची खूण मानली जाणारी पेशी सापडली, आणि १९५६ मध्ये इयन मकाय आणि सहकाऱ्यांनी आजाराला ‘ल्युपॉइड हेपटायटिस’ म्हटलं. ल्युपस हा आजार वेगळा, म्हणून ते नाव पुढे मागे पडलं. आज ‘ऑटोइम्यून हेपटायटिस’ म्हणतात. मकाय ज्या संस्थेत होते तिचे प्रमुख मॅकफार्लेन बर्नेट, ‘सेल्फ’ हा आमच्या दुकानातला शब्द प्रतिकारशास्त्रात रुजवणारे. (भाडं काही मिळालं नाही.)

हा शब्दांचा खेळ नव्हता. शरीर स्वतःवर उलटत नाही असं मानलं, तर सुजलेल्या यकृताला प्रतिकार दाबणारं औषध कोण देईल? १९७१ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधून शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. प्रेडनिसोलोन घेतलेल्यांत मृत्यू बरेच कमी होते.

आता मल्टिपल स्क्लेरॉसिस. तिथे हल्ला मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर. मग यकृत कुठून आलं? एक तर औषधांतून. इंटरफेरॉन बीटा १९९३ पासून अमेरिकेत आहे; त्याने काहींची यकृताची एन्झाइम्स वाढतात, म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं. डॅक्लिझुमॅब २०१६ मध्ये मान्य झालं. २०१७ मध्ये यकृत निकामी होऊन एक रुग्ण दगावला, आणि मेंदूला सूज आल्याच्या घटनांनंतर २०१८ मध्ये ते बाजारातून काढलं गेलं. दुसरं कारण असं की एक ऑटोइम्यून आजार असला की दुसराही जडू शकतो. म्हणजे एन्झाइम्स वाढली तर दोष औषधाचा की त्याच बंडखोर प्रतिकाराचा? पहिल्यात औषध थांबवायचं, दुसऱ्यात स्टेरॉइड सुरू करायचं. कधी कधी यकृताचा तुकडा तपासल्याशिवाय उलगडत नाही, आणि तेव्हाही नेहमी उलगडतोच असं नाही.

आणि आपली गुळवेल. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर कावीळ झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांतून त्रेचाळीस जणांची आली. बऱ्याच जणांच्या यकृतात ऑटोइम्यून हेपटायटिससारखी लक्षणं दिसली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पती नीट ओळखली नसावी, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. वाद रास्त आहे. पण ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटली आहे, त्याने ती ‘वाढवायला’ काही घेणं आम्हाला तर्काला सोडून वाटतं. अडचण अशी की डॉक्टर विचारतात, ‘औषधं कोणती चालू आहेत?’ आणि परसातल्या वेलीचा काढा सकाळीच पिऊन आलेला माणूस म्हणतो, ‘तुम्ही दिलेलीच, दुसरं काही नाही.’