अंधारलेले शहर आणि मोठ्या काचेचा कॅमेरा

रात्रीच्या छायाचित्रणाचा इतिहास सहसा दिव्यांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्याने, म्हणजे चार बाय पाच इंच किंवा त्याहून मोठी काच अथवा फिल्म वापरणाऱ्या कॅमेऱ्याने, रात्र टिपणाऱ्यांना अंधारापेक्षा त्या अंधारातल्या दिव्यांनीच अधिक छळले. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या कलोडियन पद्धतीत काचेवरचा लेप ओला असेपर्यंतच चित्र घ्यावे लागे आणि तो काही मिनिटांतच वाळू लागे, त्यामुळे रात्रीच्या मंद उजेडात काच दीर्घकाळ उघडी ठेवणे शक्यच नव्हते. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती मांडली, तेव्हा ही अट सुटली, आणि १८९५-९६च्या सुमारास पॉल मार्टिन याने लंडनचे गॅसदिव्यांतले रस्ते टिपले. मात्र दिव्याचा प्रखर किरण लेपातून आरपार जाऊन काचेच्या मागच्या पृष्ठावरून परते आणि दिव्याभोवती पांढरे वलय उमटवी; हॅलेशन नावाचा हा दोष टाळण्यासाठी काचेच्या पाठीवर गडद लेप द्यावा लागे, आणि तरीही दिव्यालगतचा भाग जळून पांढरा व दूरची भिंत काळीठिक्कर, ही विषमता उरेच.

शहरातले दिवेच विझले तर हे सारे गणित पालटते. १ सप्टेंबर १९३९पासून ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांच्या भीतीने सक्तीचा अंधार पाळला जाऊ लागला, आणि त्या काळात बिल ब्रँट याने केवळ चांदण्यावर विसंबून लंडनची चित्रे घेतली. तोच चंद्रप्रकाश शत्रूच्या विमानांनाही वाट दाखवीत होता, हे लक्षात ठेवल्याशिवाय त्या चित्रांतली शांतता नीट वाचता येत नाही. चांदणे दिव्याप्रमाणे एका बिंदूतून न येता अवघ्या शहरावर सारखे पडते, म्हणून छपरे, कमानी आणि फरसबंदी यांना एकाच उजेडाचे माप मिळते. मोठ्या निगेटिव्हची बारकावे साठवण्याची ताकद अशा उजेडातच पूर्णपणे कामी येते.

त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या सुमारे चार लाखांश प्रकाश देतो, तेव्हा भर उन्हात एफ/१६ या छिद्रमापावर सेकंदाचा शंभरावा भाग पुरत असेल, तर चांदण्यात तासाहून अधिक काळ आणि एफ/५.६वर आठेक मिनिटे लागावीत. प्रत्यक्षात तेवढ्यानेही भागत नाही, कारण उजेड अगदी मंद असला की लेपाची ग्रहणशक्ती घटते. खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड याने ताऱ्यांच्या छायाचित्रांचा अभ्यास करताना १८९९च्या सुमारास या घटीला सूत्ररूप दिले, आणि त्यानुसार अवधी दुप्पट किंवा त्याहूनही जास्त वाढवावा लागतो. एवढ्या वेळात चालती माणसे काचेवर उमटतच नाहीत, तर चंद्र साधारण दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकत असल्याने तो चौकटीबाहेर ठेवणेच इष्ट ठरते. मागच्या घासलेल्या काचेवर, जिथे एरवी उलटी प्रतिमा पाहून भिंग जुळवतात, तिथे अंधारात काहीच दिसत नाही. म्हणून दृश्यातल्या एखाद्या भिंतीपाशी बॅटरी धरून तिच्या ठिपक्यावर भिंग जुळवायचे आणि मग ती विझवायची, हाच भरवशाचा उपाय होय.

युद्धकाळातला अंधार पूर्वसूचनेने येई. वीज जाते ती सूचना न देता. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी संध्याकाळी नायगाराजवळच्या कॅनडातील वीजकेंद्रात एका संरक्षक रिलेने वाहिनी तोडली आणि काही मिनिटांत न्यूयॉर्कसह सुमारे तीन कोटी लोकांचा प्रदेश काळोखात बुडाला. त्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण होता. स्विस छायाचित्रकार रेने बुर्री याने शहरात फिरून टिपलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. अशा फिरत्या कामाला हाती धरायचा लहान कॅमेराच योग्य, तर चांदण्यात उभ्या इमारतींसाठी तिपाईवरचा मोठा कॅमेरा आधीच सज्ज असावा लागतो. शिवाय वीज कधी परतेल हे कोणालाच ठाऊक नसते. काच उघडी असताना रस्त्यावरचे दिवे एकदम लागले, तर काही क्षणांचा तो उजेड कित्येक मिनिटांच्या चांदण्यावर मात करतो. म्हणून अवधी संपेपर्यंत भिंगाची टोपी हातात धरूनच कॅमेऱ्यापाशी उभे राहावे लागते.