गॅलिलिओची पगारवाढ आणि तिची किंमत

१/ इ.स. १६०९. पाडुआ विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या गॅलिलिओचे वार्षिक वेतन होते ५२० फ्लोरिन. बहिणींच्या हुंड्याचे ओझे डोक्यावर; म्हणून घरी विद्यार्थी ठेवून शिकवण्या घेणे भाग होते.

२/ त्या ऑगस्टमध्ये त्याने व्हेनिसच्या राज्यकर्त्यांना आपली दुर्बीण दाखवली. नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या दोन तास आधी जहाजे दिसू लागली! सिनेटने आजन्म नेमणूक आणि १,००० फ्लोरिन वेतन मंजूर केले.

३/ मेख अटींत होती. वाढ वर्षभराने, चालू करार संपल्यावर लागू होणार. आणि पुढे कधीच वाढ नाही.

४/ गॅलिलिओने फ्लॉरेन्सकडे मोर्चा वळवला. जानेवारी १६१० मध्ये सापडलेल्या गुरूच्या चंद्रांना त्याने तेथील मेदिची घराण्याचे नाव दिले आणि वाटाघाटी सुरू केल्या.

५/ पगार १,००० स्कूदी ठरला. पण त्याचा खरा आग्रह दोन गोष्टींसाठी होता: अध्यापनातून मुक्ती आणि 'गणिती'सोबत 'तत्त्वज्ञ' ही पदवी. त्या काळी विश्वाच्या स्वरूपावर बोलण्याचा अधिकार तत्त्वज्ञाचा मानला जाई. गणितज्ञाचा दर्जा खालचा. दोन्ही मागण्या मान्य झाल्या.

६/ मात्र पोपला उघड आव्हान देणारे व्हेनिस मागे राहिले. मित्र साग्रेदोने या धोक्याची जाणीव करून दिली होती. १६३३ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयात गॅलिलिओवर खटला चालला, तेव्हा मेदिची त्याला वाचवू शकले नाहीत. करारात पगार होता, पद होते, मोकळा वेळ होता, संरक्षण नव्हते.